एडिसनच्या हिवाळी घरी जायचंय? फोर्ट मायर्सला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

आम्ही राहतो न्यू जर्सीतल्या एडिसन गावात. गावाचं नाव एडिसन, ओक ट्री रोडला वडापाव मिळतो आणि निम्म्या शेजाऱ्यांना मराठी नाहीतर गुजराती येतं, एवढीच आमची एडिसनशी ओळख होती. बाबा आले तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ज्याच्या नावाचं गाव आहे त्याचं घर कुठंय?" बाबा विद्युत मंडळातून रिटायर झालेत, त्यामुळे त्यांच्यासाठी हा प्रश्न म्हणजे पंढरपुरात राहून देवळाचा पत्ता नसण्यासारखा होता. मग मी शोधायला बसले आणि कळलं की एडिसनची घरं दोन. एक आमच्याच राज्यात वेस्ट ऑरेंजला, आणि एक थंडीत राहायचं, थेट फ्लोरिडात फोर्ट मायर्सला, तेही शेजारी हेन्री फोर्डचं घर असलेलं. फेब्रुवारीत इकडे बर्फ फावड्याने उपसत होतो तेव्हा ठरलं, फ्लोरिडाच!

जाताना खूप गोंधळ घातले. तुमचे होऊ नयेत म्हणून हे लिहितेय. भारतातून आलेले आईवडील आणि लहान मूल घेऊन जाणाऱ्यांसाठी जास्त लिहिलंय, कारण एकटं जाणाऱ्याला काय, कसंही जमतं.

१. आधी समजून घ्या की तिथे नक्की आहे काय

हे कोणी सांगत नाही म्हणून लोक "दोन जुनी घरं तर आहेत, तासाभरात उरकू" म्हणून जातात आणि मग धावत सुटतात. जागा वीस एकराहून मोठी आहे. कलूसाहॅची नावाची नदी आहे (उच्चार येत नसेल तर लाजू नका, मुलाने मला चारदा सुधारलं), तिच्या काठावर एडिसनचं घर, त्याला जुळ्या भावासारखं दिसणारं गेस्ट हाऊस, पलीकडे फोर्डचं घर, आणि मॅकग्रेगर बुलवार्ड हा रस्ता ओलांडला की तिकीट खिडकी, म्युझियम, एडिसनची लॅब आणि एक महाकाय वड. हो, आपला वडच. त्यावर पुढे बोलते.

थोडी पार्श्वभूमी, म्हणजे बघताना संदर्भ लागेल. एडिसन १८८५ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा फोर्ट मायर्सला आला. तेव्हा ते गुराख्यांचं छोटंसं गाव होतं, रेल्वेसुद्धा नव्हती. त्याने नदीकाठची जमीन घेतली आणि पुढच्या वर्षी, १८८६ ला, दुसरं लग्न करून बायकोला, मिनाला, घेऊन आला. फोर्ड खूप नंतरचा. तो १९१४ ला पाहुणा म्हणून आला आणि १९१६ ला त्याने शेजारचं 'द मँगोज' नावाचं घर वीस हजार डॉलरला घेतलं. एडिसन १९३१ ला गेला. १९४७ मध्ये मिनाने आपली सगळी जागा एका डॉलरला शहराच्या नावावर करून दिली, नवऱ्याची आठवण म्हणून. फोर्डचं घर मात्र मधल्या काळात दुसऱ्यांकडे गेलं होतं, ते शहराने १९८८ ला विकत घेतलं. म्हणून दोन्ही घरं एका तिकिटात बघता येतात.

आणि हो, फायरस्टोन टायरवाला हार्वे फायरस्टोन यांचा तिसरा दोस्त. तिथे त्याचा पुतळा आहे म्हणून त्याचंही घर असेल असं समजून आम्ही शोधत बसलो. नाहीये. त्याचं थंडीतलं घर मायामी बीचला होतं.

२. कधी जायचं

सोपं उत्तर: नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा कोरडं असतं, दुपारी पंचविसेक डिग्री सेल्सियस, म्हणजे आपल्या पुण्याचा डिसेंबर समजा. एडिसन काय वेडा होता म्हणून थंडीत यायचा?

पण जानेवारी ते मार्च तिथे तुडुंब गर्दी. उत्तरेकडचे सगळे म्हातारे पक्ष्यांसारखे तिकडे उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चला बेसबॉलवाल्यांचा सरावाचा सीझन असतो (बोस्टन आणि मिनेसोटाच्या टीम फोर्ट मायर्सलाच येतात), त्यामुळे हॉटेलचे रेट बघून घाम फुटतो. आम्ही त्यातच गेलो कारण ११ फेब्रुवारी हा एडिसनचा वाढदिवस आणि त्या सुमाराला गावात त्याच्या नावाचा दिव्यांचा उत्सव भरतो, मोठी मिरवणूक निघते. बाबांना ते हवं होतं. तुम्हाला उत्सवाचं काही नसेल तर नोव्हेंबर किंवा एप्रिलचा शेवट बरा, स्वस्तही पडतं. डिसेंबरात संध्याकाळी घरांवर रोषणाई करतात, ते आम्ही पाहिलं नाही पण फोटो बघून जळजळ झाली.

जून ते सप्टेंबर शक्यतो नकोच. दुपारी रोज ढग फुटल्यासारखा पाऊस आणि विजा, वर डास, आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा काळ. २०२२ च्या सप्टेंबरात इयान वादळाने हा सगळा भाग झोडपला होता. त्या काळात जायचंच असेल तर रिफंडेबल बुकिंग करा, दहा डॉलर वाचवायला जाऊ नका.

३. कागदपत्रं आणि सोबत घ्यायच्या वस्तू

यादीच देते, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

- आईबाबांचे ओरिजिनल पासपोर्ट. देशांतर्गत विमानालाही ओळखपत्र लागतं आणि त्यांच्याकडे दुसरं काही चालणारं नसतं. आधार कार्ड दाखवायचा प्रयत्न माझ्या बाबांनी केला, चालत नाही.
- तुमचं स्वतःचं लायसन्स रिअल आयडी, म्हणजे केंद्र सरकारच्या नियमांत बसणारं, आहे का बघा. मे २०२५ पासून साधं लायसन्स विमानतळावर पुरत नाही, नसेल तर पासपोर्ट न्या.
- गाडी भाड्याने घेणार असाल तर लायसन्स आणि त्याच माणसाच्या नावाचं क्रेडिट कार्ड. नवऱ्याचं लायसन्स आणि बायकोचं कार्ड असं काउंटरवर चालवून घेत नाहीत.
- लहान मुलाचा बूस्टर (गाडीतली मुलांची सीट) घरून. भाड्याने मिळतो पण रोजचं भाडं लावतात, तीन दिवसांत नवा आला असता.
- टोपी, सनस्क्रीन, पाण्याच्या बाटल्या, डासांचा स्प्रे.
- इअरफोन, प्रत्येकाचा वेगळा. ऑडिओ टूर ऐकायला लागतो.
- आईबाबांची औषधं हँडबॅगेत. चेक-इन बॅगेत अजिबात नाही.
- चांगले बूट. आईने नवी चप्पल घातली आणि वडापर्यंत पोचेस्तोवर तिला फोड आला.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या, कोरडी चटणी, गूळ असं मी नेलंच होतं. हॉटेलात मायक्रोवेव्ह आहे का आधी विचारून घ्या.

४. विमान आणि गाडी

इथे पहिला सापळा. फोर्ट मायर्सच्या विमानतळाच्या नावात फोर्ट मायर्स नाहीये! नाव आहे साउथवेस्ट फ्लोरिडा इंटरनॅशनल, कोड आरएसडब्ल्यू. फोर्ट लॉडरडेलचं तिकीट काढू नका, ते दुसऱ्या किनाऱ्यावर आहे. हसू नका, माझ्या मैत्रिणीने काढलं होतं. न्यूआर्कहून थेट विमान तीनेक तासांचं, आणि विमानतळावरून एडिसनचं घर अर्ध्या तासावर.

जे आधीच फ्लोरिडात फिरतायत त्यांच्यासाठी: टँपाहून आय-७५ हायवेने दोन सव्वादोन तास, ऑरलँडोहून तीन तास धरा, मायामीहून ॲलिगेटर ॲली या रस्त्याने अडीच. ऑरलँडोला डिस्ने करून "जाता जाता" एडिसन करू असं म्हणणाऱ्यांनो, एका दिवसात जाऊन येऊन सहा तास गाडीत, तेही मुलं घेऊन. एक रात्र मुक्काम करा.

दुसरा सापळा टोलचा. ॲलिगेटर ॲलीला टोल आहे, पलीकडे सॅनिबेल बेटावर जायच्या पुलालाही आहे. भाड्याच्या गाडीत काचेवर टोलची डबी असते, ती उघडी राहिली की रोजचं सर्व्हिस चार्ज लागतं, टोल कितीही कमी असो. आम्ही टोल भरला चिल्लर आणि गाडीवाल्यांनी महिन्याभराने कार्डातून कापले त्याच्या कितीतरी पट. कंपनीचं नाव नको, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच आहे, चूक माझी की मी करार वाचला नाही. आपल्या न्यू जर्सीचा ई-झेडपास (टोल आपोआप भरणारी डबी) फ्लोरिडाच्या टोल रस्त्यांवर चालतो. तो सोबत न्या, भाड्याच्या गाडीचा नंबर आपल्या अकाउंटला जोडा आणि परत केल्यावर आठवणीने काढून टाका.

तिसरा सापळा: जीपीएसमध्ये नुसतं एडिसन टाकू नका. त्या गावात एडिसन मॉल आहे, एडिसन ब्रिज आहे, एडिसन अव्हेन्यू आहे. आम्ही पहिल्या फटक्यात मॉलच्या पार्किंगमध्ये उभे. बाबा खाली उतरून बघतायत आणि म्हणतायत, "बराच श्रीमंत होता की." पूर्ण नाव टाका: एडिसन अँड फोर्ड विंटर इस्टेट्स, मॅकग्रेगर बुलवार्ड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंचच उंच रॉयल पाम दिसायला लागले की समजा आलात, ते लावायची सुरुवात एडिसननेच केली.

५. तिकीट कोणतं काढायचं

साधारण दोन प्रकार. एक स्वतःच्या स्वतः फिरायचं, ऑडिओ ऐकत, आणि दुसरं गाइडबरोबर. गाइडवालं थोडं महाग. दर बदलत असतात म्हणून आकडे लिहीत नाही, त्यांच्या साइटवर त्या आठवड्याचे बघा आणि तिथूनच काढा, गर्दीच्या सीझनला गाइडच्या वेळा भरतात.

माझं मत विचाराल तर आईबाबांना इंग्रजी भरभर ऐकायला त्रास होत असेल तर गाइड घेऊ नका. गाइड छान बोलतात पण चाल त्यांची असते, तुम्ही थांबून भाषांतर करेपर्यंत घोळका पुढे. ऑडिओ थांबवता येतो. मी एका कानात इअरफोन घालून बाबांना मराठीत सांगत होते, माझ्या आवाजाने दोन अमेरिकन आजी वळून बघत होत्या, बघू देत.

आता मोठा गैरसमज. नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही! तो चालतो वेस्ट ऑरेंजच्या एडिसनच्या घराला, कारण ते सरकारी नॅशनल पार्कवाल्यांकडे आहे. फोर्ट मायर्सचं ना-नफा संस्थेकडे आहे. खिडकीवर पास काढून उभं राहायचं आणि मग पाकीट शोधायचं, मागे रांग, हा प्रसंग आमच्यावर आला. मात्र तुमच्याकडे एखाद्या बोटॅनिकल गार्डनची किंवा म्युझियमची मेंबरशिप असेल तर इतर ठिकाणी सवलत मिळणाऱ्या जागांची यादी तिच्यासोबत येते, ती तपासून बघा.

आणि एक आधीच सांगते म्हणजे हिरमोड होणार नाही: साध्या तिकिटात घराच्या खोल्यांमध्ये आत जाता येत नाही. चहूबाजूंनी रुंद व्हरांडा आहे, त्यावरून चालत उघड्या दारांतून, खिडक्यांतून आत बघायचं. कधी कधी आत नेणारी वेगळी टूर असते, तिचं तिकीट वेगळं. घरांच्या फर्निचरसाठीच जात असाल तर ती शोधा. पण मला विचाराल तर इथलं खरं बघण्यासारखं घरांबाहेर आहे.

६. फिरायचा क्रम

सकाळी उघडायच्या वेळेला, म्हणजे नऊला पोचा. बहुतेक जण तिकीट काढलं की समोर दिसतं म्हणून म्युझियममध्ये शिरतात आणि उन्हं डोक्यावर आली की घरांकडे निघतात. उलटं करा. म्युझियममध्ये एसी आहे, ते दुपारसाठी ठेवा. तिकीट काढून आधी रस्ता ओलांडा. सिग्नल जिथे आहे तिथूनच, मध्येच पळू नका, गाड्या जोरात असतात.

पहिलं एडिसनचं घर. याचं लाकूड दूर मेन राज्यात कापून, बोटीने इथे आणून उभं केलंय. दारातून आत बघाल तेव्हा छताकडे बघा, पितळेचे विजेचे दिवे लटकतायत, इलेक्ट्रोलिअर म्हणतात त्यांना, एडिसनच्याच कारखानदारीतले. १८८७ ला जेव्हा इथे डायनॅमो लावून दिवे पेटवले तेव्हा आख्खं गाव बघायला आलं असणार. बाबा तिथे वीस मिनिटं उभे. मी म्हटलं चला, तर म्हणाले, "थांब गं, वायर कुठून घेतलीय ते बघू दे." मग व्हरांड्याच्या खांबाशी वाकून माझ्या पोराला सांगत बसले की हा डीसीवाला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, आपल्या घरी येते ती एसी, दिशा बदलत राहणारी, आणि त्यावरून याची कशी भांडणं झाली. पोराला समजलं किती ते माहीत नाही, पण संध्याकाळी हॉटेलात त्याने लाईटचं बटण वीस वेळा चालू-बंद केलं.

शेजारचं गेस्ट हाऊस चुकवू नका, त्याच्या मागे गोष्ट आहे. ते मुळात एडिसनच्या जिगरी दोस्ताचं, एझ्रा गिलिलँडचं. दोघांनी जोडीने जमीन घेतली, सारखी घरं बांधली. मिनाची ओळख करून दिली तीही या गिलिलँड नवराबायकोनेच. एडिसनला ऐकायला कमी यायचं, त्याने मिनाला मोर्स कोड शिकवला आणि तिच्या तळहातावर टकटक करून लग्नाचं विचारलं, असं तो स्वतः सांगायचा. आणि दोन-तीन वर्षांत फोनोग्राफच्या, म्हणजे आवाज साठवून ऐकवणाऱ्या यंत्राच्या, व्यवहारावरून दोस्तांचं असं फाटलं की एडिसन थेट १९०१ पर्यंत इकडे फिरकलाच नाही (कामाचा व्याप होताच म्हणा). पुढे १९०६ ला त्याने ते घर विकत घेतलं. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते असं नाही.

मग नदीकडे चाला. तिथे पूर्वी सुमारे दीड हजार फूट लांब लाकडी धक्का होता, कारण काठाला पाणी उथळ, सामानाची बोट लांबच उभी राहायची. नदी इथे खाडीसारखी रुंद आहे. आई म्हणाली, "मालवणला आल्यासारखं वाटतंय." वारा छान असतो, बाकड्यावर बसून पाणी प्या. १९१० चा पोहण्याचा तलाव बघा, एडिसनच्या स्वतःच्या सिमेंट कंपनीच्या सिमेंटचा. त्याच्याजवळच मिनाची चांदण्यातली बाग, १९२९ ला एलेन शिपमन या बागरचनाकार बाईंनी आखलेली, पांढऱ्या फुलांची, रात्री दिसावीत म्हणून. दिवसा गेलं तर साधी वाटेल.

फोर्डचं घर फाटकाने जोडलंय, मैत्रीचं फाटक म्हणतात त्याला. घर छोटं, साधं, एवढ्या पैसेवाल्याचं वाटत नाही. गॅरेजमध्ये जुन्या फोर्ड गाड्या आहेत, मुलं तिथून हलत नाहीत. (फोर्डबद्दल भारावून जायच्या आधी हेही माहीत असू द्या की १९२० च्या दशकात त्याने स्वतःच्या पेपरातून ज्यूंविरुद्ध बरंच विष पसरवलं होतं. मोठ्या मुलांबरोबर गेलात तर बोला त्यावर.) आणि 'द मँगोज' नाव उगाच नाही, तिथे आंब्याची झाडं आहेत. आम्ही फेब्रुवारीत होतो, मोहोर आला होता. घरापासून हजारो मैल लांब, हेन्री फोर्डच्या अंगणात आंब्याच्या मोहोराचा वास! आई काही बोलली नाही, फक्त फांदी खाली ओढून नाकाशी धरली. (फांद्या ओढू नका, फुलं-फळं तोडू नका असं मी तिला नंतर सांगितलं, तुम्ही आधी सांगा.)

७. वड आणि लॅब, इथे वेळ काढाच

परत रस्ता ओलांडून या. वड १९२० च्या दशकात लावला, तेव्हा जेमतेम चार फुटांचं रोप, फायरस्टोनने भारतातून मिळवून एडिसनला दिलेलं. आज तो जवळजवळ एक एकरावर पसरलाय. संगमनेरजवळचा पेमगिरीचा वड ज्यांनी पाहिलाय त्यांना आकाराचं अप्रूप वाटणार नाही, पण आजूबाजूचे लोक तोंड उघडं टाकून वर बघत असतात आणि आपण आपलं "हं, पारंब्या आहेत त्या" असं घरच्यासारखं सांगतो, त्यात मजा आहे. माझी आई एका अमेरिकन बाईला खुणा करून सांगत होती की याला आम्ही सूत गुंडाळतो, सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून. मी भाषांतर केलं. त्या बाईने आपल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, सातच्या सात?

सूत वगैरे गुंडाळू नका हं, आईने पर्स उघडली होती. वटपौर्णिमा तशीही ज्येष्ठात येते, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात.

हा वड सावलीसाठी नव्हता आणलेला. त्याचा चीक आठवा, बोटं चिकट होतात तो. त्या काळी अमेरिकेत रबर सगळं बाहेरून यायचं, आशियातल्या मळ्यांवर ब्रिटिश आणि डचांचा ताबा, आणि पुरवठा बंद झाला तर गाड्यांचे टायर कुठून आणायचे ही फोर्ड आणि फायरस्टोनची धास्ती. म्हणून तिघांनी १९२७ ला कंपनी काढली आणि ऐंशीच्या घरात गेलेल्या एडिसनने पटकन वाढणारी रबराची झाडं शोधायचं काम घेतलं. सतरा हजारांवर वनस्पतींचे नमुने तपासले. शेवटी उत्तर निघालं गोल्डनरॉड, म्हणजे रस्त्याकडेला उगवणारं पिवळ्या फुलांचं तण! ते वाढवून वाढवून त्याने माणसाच्या दुप्पट उंचीचं केलं. धंद्यात ते टिकलं नाही, पुढे कृत्रिम रबर आलं. पण १९२८ ची ती लॅब जशीच्या तशी आहे, काचेच्या नळ्या, बाटल्या, चंबू ओळीने, पलीकडे मशीन शॉप, वर दांड्यावरून पट्टे खाली आलेले. आपल्या गावाकडची पिठाची गिरणी आठवली मला. अमेरिकन केमिकल सोसायटीने २०१४ ला तिला राष्ट्रीय रासायनिक वारसा ठरवलं.

इथे ऑडिओ पूर्ण ऐका. बहुतेक लोक दारातून एक फोटो काढून सटकतात.

या परिसरात एडिसनची आणखी जुनी लॅब होती ती शोधू नका, ती फोर्डने उचलून मिशिगनला आपल्या म्युझियममध्ये नेऊन ठेवली. दोस्ताची आख्खी लॅब!

८. म्युझियम, जेवण, आणि आईबाबांचे पाय

म्युझियममध्ये फोनोग्राफ, दिवे, सिनेमाची यंत्रं, फोर्डने एडिसनला भेट दिलेली मॉडेल टी गाडी. तास पुरतो. सगळं मिळून साडेतीन ते चार तास धरा, म्हातारी माणसं असतील तर पाच. गुडघे दुखणारं कोणी असेल तर आदल्या दिवशी फोन करून व्हीलचेअरचं विचारून ठेवा, ऐनवेळी संपतात. वाटा बऱ्याचशा सपाट आहेत. बाथरूमला आधी म्युझियमच्या बाजूलाच जाऊन घ्या, आणि मगच घरांकडे निघा, हे मुलांच्या आईला वेगळं सांगायला नको.

गिफ्ट शॉपच्या बाजूला रोपांचंही दुकान आहे. बाबांना तिथून रोप घेऊन कोल्हापूरला न्यायचं होतं. विमानात माती-रोप नेणं, त्यातून परदेशात, हा वेगळाच त्रास आहे, रोगमुक्त असल्याचं सरकारी सर्टिफिकेट लागतं. बिया-रोपं घेऊ नका, फ्रिजवर लावायचं मॅग्नेट घ्या.

९. उरलेल्या दिवसाचं काय

थंडीत गेलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेटी पार्कला जा, फोर्ट मायर्समध्येच आहे. मॅनेटी, म्हणजे समुद्रगाई, हे अवाढव्य, शांत प्राणी थंडीत ऊब शोधत तिथल्या कालव्यात येतात, आणि पाणी गरम का, तर शेजारच्या वीज केंद्रातून सोडलेलं असतं म्हणून. नोव्हेंबर ते मार्च दिसतात, आणि जितकी थंडी जास्त तितके जास्त, त्यामुळे गार पडलं म्हणून रडू नका. पार्किंगचे थोडे पैसे पडतात, बाकी फुकट. बाबा प्राण्यांपेक्षा वीज केंद्राकडेच बघत होते, "म्हणजे हे कूलिंग वॉटर सोडतात इथे." मी म्हटलं बाबा, खाली बघा, तुमच्या पायाखालून गेली एक. तोवर ती पुलाच्या पलीकडे पोचली होती, नुसते बुडबुडे दिसले. दहाच्या आत पोचा म्हणजे गर्दी नसते, आणि पोलराइज्ड गॉगल न्या, त्याशिवाय पाण्याच्या चकाकीत काही दिसत नाही.